होबोकेनचे जुने गडी

परमुलखात नोकरीनिमित्त राहणारी चार मराठी माणसे रविवारी एकत्र जमली आणि बोलणे लहानपणच्या खेळांकडे वळले, की वाद ठरलेला. विटीदांडूत वकट आधी की लेंड आधी, लगोरीत चेंडू पाठीत बसला तर गडी बाद की नुसताच मार, याविषयी प्रत्येकाच्या गावचा कायदा निराळा असतो आणि प्रत्येकास आपल्याच गावचा कायदा मूळचा वाटतो. या वादाने कोणाचे काही बिघडत नाही, कारण त्याचा निकाल लावण्यास कोणी बसलेले नसते. परंतु असाच एक वाद अमेरिकेत उभा राहिला, त्यासाठी आयोग नेमला गेला, आणि एकाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांच्या बालपणीच्या आठवणीवर विसंबून आयोगाने निकाल दिला. बेसबॉल या खेळाच्या जन्मकथेची ही हकीकत आहे. आमचे वाचक बहुतेक दप्तराशी संबंध असलेले. त्यांस ती विशेष रुचेल असे आम्हांस वाटते.

खेळ थोडक्यात असा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. एकाने चेंडू टाकावा, दुसऱ्याने तो बॅटने मारावा आणि बेसामागून बेस गाठीत मूळ जागी परत यावे, म्हणजे एक धाव होते. पूर्वी मुले हा खेळ खेळत तेव्हा पळणाऱ्या गड्यास चेंडू फेकून मारीत आणि चेंडू लागला की तो बाद होई. आपल्या लगोरीची ज्यांस आठवण आहे त्यांस निराळे सांगण्याचे कारण नाही. मुलांना हे शोभते. परंतु न्यूयॉर्कमधील पेढ्यांचे कारकून, विमा कंपन्यांतील नोकर, दलाल, व्यापारी आणि वैद्य हाच खेळ खेळू लागले, तेव्हा पाठीवर वळ उठवून घेऊन दुसऱ्या दिवशी कचेरीत जाणे कोणासही सोयीचे वाटले नसावे. चेंडू अंगावर मारू नये, तो बेसवर पोहोचवून किंवा गड्यास लावून बाद करावे, हा नियम आला. चेंडू अंगावर बसण्याचे भय गेले, म्हणून पुढे तो टणक करता आला; टणक झाला म्हणून दूर जाऊ लागला. एका सौजन्याच्या नियमातून खेळाचे सारे रूप पालटले.

हा नियम ज्या लेखी कायद्यात सापडतो तो न्यूयॉर्कच्या निकरबॉकर बेसबॉल क्लबचा, २३ सप्टेंबर १८४५ चा. शहरात मोकळी जागा उरेनाशी झाली, म्हणून ही मंडळी आठवड्यातून दोनदा नावेने हडसन नदी ओलांडून होबोकेन येथे जात. तेथील मैदानाचे नाव 'एलिसियन फील्ड्स'. ग्रीक पुराणात पुण्यवान मृतांच्या विहारस्थानास हे नाव आहे. क्लबने नोंदवही ठेवली होती, आणि ती आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सुरक्षित आहे. ६ ऑक्टोबर १८४५ ची पहिली नोंद पाहावी: एकंदर चौदा गडी, म्हणजे एका बाजूस सात, डाव तीन, निकाल अकरा विरुद्ध आठ. पुढील वर्षी १९ जून रोजी 'न्यूयॉर्क नाइन' नावाच्या संघाशी सामना झाला, त्यात निकरबॉकर मंडळी चार डावांत तेवीस विरुद्ध एक अशी हरली. शिवी दिल्याबद्दल एका गड्यास सहा सेंट दंड झाल्याचीही नोंद आहे. ज्यांनी खेळ शोधून काढला असे म्हणतात, त्यांना दुसऱ्यांनी इतके सपाटून हरवावे, यावरूनच त्या दुसऱ्यांना तो खेळ आधीपासून चांगला अवगत होता, हे कोणाच्याही ध्यानात यावे.

या क्लबातील जे वृद्ध पुढे आठवणी सांगते झाले, त्यांत आम्हांस सर्वांत विश्वासार्ह वाटतात ते डॉ. डॅनियल ल्यूशियस ॲडम्स. जन्म १८१४, येल व हार्वर्ड येथे शिक्षण, न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीचा व्यवसाय. क्लब स्थापन झाल्यावर लवकरच ते त्यात आले आणि पुढे कित्येकदा त्याचे अध्यक्ष झाले. १८९६ च्या फेब्रुवारीत 'स्पोर्टिंग न्यूज' या साप्ताहिकाने त्यांची मुलाखत छापली, तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. त्या मुलाखतीत पराक्रमाचे वर्णन जवळजवळ नाही. आहेत त्या अडचणी. नदी ओलांडून जावे तो मैदानावर दोनतीनच सभासद आलेले असत, मग दोन माणसांत खेळता येण्याजोगा पोरखेळ खेळून परत यावे लागे. चेंडू करून देणारा कारागीर न्यूयॉर्कभर हिंडून मिळेना, तेव्हा डॉक्टरसाहेब स्वतःच चेंडू करू लागले: आत रबराचे तुकडे, त्यावर सूत गुंडाळलेले आणि वरून कातडे. पुढे एका स्कॉच जिनगराने घोड्याचे कातडे चेंडूवर नीट कसे चढवावे ते दाखविले. कित्येक वर्षे आपल्या क्लबास आणि इतर क्लबांसही तेच चेंडू पुरवीत. बॅटी कातताना कातारीपाशी तेच उभे राहत. प्रारंभीचा चेंडू इतका हलका होता की दोनशे फूट फेकणेही कठीण. म्हणून दूरवरून आलेला चेंडू मध्येच घेऊन पुढे टाकण्यास एक माणूस उभा करावा लागला. पुढे चेंडू टणक झाला, तो माणूस पुढे सरकला आणि त्याची जागा खेळात कायम झाली. तिलाच 'शॉर्टस्टॉप' म्हणतात. आज लक्षावधी प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरणारी ही जागा अशा हलक्या चेंडूच्या नडीतून उत्पन्न झाली.

ॲडम्स यांनी आणखी एक गोष्ट ओघात सांगितली: निकरबॉकरांच्या आधी न्यूयॉर्कमध्ये दुसरा एक क्लब होता, पण त्याची बांधणी ढिली असल्यामुळे तो टिकला नाही. नऊ वर्षांपूर्वी, १८८७ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकास सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झामिनर' पत्रात एका वृद्धाच्या आठवणी नाव न देता छापल्या गेल्या होत्या. ते विल्यम व्हीटन, व्यवसायाने वकील आणि निकरबॉकर क्लबच्या नियमसमितीचे सभासद. त्यांनी सांगितले की निकरबॉकरांच्या कित्येक वर्षे आधी त्यांनी व मित्रांनी गॉथम नावाचा क्लब काढला होता, अंगावर चेंडू मारण्याची चाल तेथेच बंद केली होती आणि नियमही लिहिले होते. निकरबॉकरांनी पुढे बव्हंशी तेच उचलले. त्यांनी दिलेले १८३७ हे साल आठवणीतले आहे, ते एकदोन वर्षे मागेपुढे होऊ शकेल. परंतु एक डॉक्टर पूर्व किनाऱ्यावर आणि एक वकील पश्चिम किनाऱ्यावर, एकमेकांशी सल्लामसलत न करता, निकरबॉकरांपूर्वीही हा खेळ रीतसर चालू होता असे सांगतात, तेव्हा साक्षीस वजन येते. व्हीटन यांचा तो लेख वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यात शंभराहून अधिक वर्षे पडून राहिला. संशोधकांनी तो पुढे आणला २००४ साली.

या मंडळींपैकी एकजण फार दूर गेले होते. अलेक्झांडर कार्टराइट हे पेढीवरचे कारकून. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियास निघाले, तेथून हवाई बेटांत पोहोचले आणि होनोलुलूस स्थायिक झाले. १८६५ च्या एप्रिलात त्यांनी जुना सोबती चार्ल्स डीबोस्ट यास पत्र लिहिले. ते वाचताना आम्हां बदलीच्या गावी राहणाऱ्यांना परके वाटत नाही. निकरबॉकर क्लब अजून चालू असावा, कधीतरी पुन्हा होबोकेनच्या मैदानावर सर्वांची गाठ पडावी, अशी इच्छा त्यात आहे. न्यूयॉर्कला ज्या चेंडूने खेळत असत तो मूळ चेंडू आपल्याजवळ आहे, डोंगरात, माळावर आणि या बेटांवरही आपण त्याच्या मागे धावलो. तो क्लबांस सामन्यासाठी पाठवून द्यावा असे मनात येते, पण घरच्या आठवणी त्यात गुंतल्या असल्यामुळे हातचा सोडवत नाही, असे ते लिहितात. खेळ आपण शोधला असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. कार्टराइट हवाईतच १८९२ मध्ये वारले. बेसबॉलचा जनक ही पदवी त्यांस मुख्यतः नातवाच्या खटपटीने नंतर मिळाली. १८४९ च्या प्रवासाच्या त्यांच्या रोजनिशीच्या टंकलिखितात वाटेवर बेसबॉल खेळल्याची वर्णने आहेत. हस्तलिखित प्रतीत ती नाहीत. नातवंडांचे प्रेम इतिहासास किती महाग पडते याची उदाहरणे आपल्याकडच्या घराण्यांच्या बखरींतही कमी नाहीत.

आता आयोगाकडे येऊ. बेसबॉल हा 'राउंडर्स' या इंग्रज पोरखेळातून निघाला असे हेन्री चॅडविक अनेक वर्षे सांगत असत. चॅडविक जन्माने इंग्रज, बाळपणी अमेरिकेत आलेले, आणि बेसबॉलवर लिहिणाऱ्या वृत्तपत्रकारांत सर्वांत ज्येष्ठ. त्यांचे मित्र अल्बर्ट स्पॉल्डिंग हे पूर्वीचे नामांकित गोलंदाज आणि नंतर क्रीडासाहित्याचे मोठे कारखानदार. राष्ट्रीय खेळाचे मूळ इंग्रजी असावे हे त्यांस मानवेना. त्यांनी १८८८-८९ मध्ये अमेरिकन खेळाडूंना जगाच्या सफरीवर नेले होते. कोलंबोपर्यंत येऊन, हिंदुस्थानला वगळून, ही मंडळी इजिप्तकडे गेली. परतल्यावर न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको उपाहारगृहात मेजवानी झाली, तीत अब्राहम मिल्स या वक्त्याने खेळाचे मूळ अमेरिकनच असल्याचे ठासून सांगितले आणि श्रोत्यांनी 'राउंडर्स नव्हे' असा घोष केला. १९०५ मध्ये स्पॉल्डिंग यांच्या पुढाकाराने आयोग बसला, त्याचे प्रमुख हेच मिल्स. न्यायाधीशाने निकाल सोळा वर्षे आधी मेजवानीत जाहीर केलेला असावा, ही सोय प्रत्येक आयोगास लाभत नाही.

स्पॉल्डिंग यांनी वृत्तपत्रांतून जुन्या खेळाडूंस आठवणी कळविण्याचे आवाहन केले. ते वाचून ॲबनर ग्रेव्ह्ज या एकाहत्तर वर्षांच्या खाणअभियंत्यांनी ३ एप्रिल १९०५ रोजी पत्र लिहिले. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी आपल्या लहानपणी ॲबनर डबलडे याने काठीने जमिनीवर आकृती काढून बेसबॉलची योजना मुलांना समजावून दिली, असे त्यात होते. डबलडे पुढे सेनापती झाले, यादवी युद्धात गाजले. साल मात्र ग्रेव्ह्ज यांस निश्चित आठवेना. हॅरिसन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराच्या आधीचा वसंत किंवा नंतरचा. आयोगाने त्यातून १८३९ उचलले. त्या वर्षी ग्रेव्ह्ज पाच वर्षांचे होते, आणि डबलडे वीस वर्षांचे असून वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत होते. १८९३ मध्ये डबलडे वारले, तोवर त्यांनी पुष्कळ लिहिले होते, परंतु असा काही शोध आपण लावल्याचा एक शब्द मागे ठेवला नाही. मिल्स हे डबलडे यांचे जुने स्नेही. न्यूयॉर्कच्या नगरभवनात त्यांचे शव ठेवले असता मानवंदनेच्या पथकातही होते. इतक्या वर्षांच्या स्नेहात ही गोष्ट मित्राच्या तोंडून कधी कशी ऐकली नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारावयास हवा होता. ग्रेव्ह्ज यांस समोर बसवून आयोगातील कोणी प्रश्न विचारले नाहीत. सारा व्यवहार पत्रांवर झाला.

ग्रेव्ह्ज खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. कूपर्सटाउनच्या गल्लीत त्यांनी चेंडू खेळला असेल. कोणी थोराड मुलाने मातीत आकृतीही काढली असेल. डबलडे घराण्यातील ॲबनर याच नावाचा एक चुलतभाऊ त्या गावी वाढला होता, तेव्हा नावांची गल्लत झाली असावी असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. साठसत्तर वर्षांनंतर मातीचा वास आठवतो, नाव निसटते, आणि निसटलेल्या जागी मोठे झालेले नाव येऊन बसते. दोष त्या आठवणीवर राष्ट्राचा भार टाकणाऱ्यांचा. ॲडम्स यांची मुलाखत अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, बेसबॉलच्या नामांकित साप्ताहिकात छापून आलेली होती, आणि निकरबॉकरांच्या वह्याही अस्तित्वात होत्या. परंतु चेंडू शिवीत बसलेल्या डॉक्टरापेक्षा सेनापती अधिक शोभिवंत दिसतो.

आयोगाच्या कागदांत एक बारीक धागा खरा होता. निकरबॉकर क्लबच्या पहिल्या अध्यक्षांच्या तोंडून ऐकलेले म्हणून एका वार्ताहराने असे कळविले होते की मैदानाचा आराखडा वॉड्सवर्थ नावाच्या कोणी एका दिवशी आणला. वॉड्सवर्थ पूर्वी न्यूयॉर्कच्या जकात कचेरीत असत. तेव्हा मिल्स यांनी १९०७ च्या डिसेंबरात त्या कचेरीच्या प्रमुखांस पत्र लिहून या माणसाचा ठावठिकाणा विचारला. काही हाती लागले नाही. अशा पत्राचे काय होते हे वाचकांपैकी कित्येकांस अनुभवाने ठाऊक असेल. वस्तुतः लुई वॉड्सवर्थ त्या वेळी जिवंत होते. पैसा उधळून निष्कांचन झालेले हे गृहस्थ शेजारच्याच न्यू जर्सी राज्यात, प्लेनफील्डच्या अनाथगृहात दिवस काढीत होते. डाव नऊ आणि गडी नऊ ही संख्या १८५७ मध्ये ठरली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. ३० डिसेंबर १९०७ रोजी आयोगाने प्रकरण निकालात काढले. पुढच्या मार्चमध्ये वॉड्सवर्थ वारले. त्यांस कोणी काही विचारले नाही. चॅडविक यांनी निकाल वाचून, वकिली तर झकास आहे, अशा अर्थाचे मिस्कील पत्र मिल्स यांस धाडले आणि एप्रिलात तेही गेले.

पुढचा उत्सव यथासांग झाला. कूपर्सटाउनजवळच्या एका शेतघराच्या माळ्यावरील पेटीत एक जीर्ण चेंडू सापडला. गावातील धनिक स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरांस घेतला आणि तो 'डबलडे चेंडू' म्हणून मांडला गेला. १२ जून १९३९ रोजी तेथे बेसबॉलचे कीर्तिमंदिर उघडले. टपालखात्याने त्याच दिवशी शताब्दीचे तीन सेंटांचे तिकीट काढले. त्यावर गावातल्या मोकळ्या जागी खेळणारी पोरे आहेत, डबलडे नाहीत. कीर्तिमंदिरानेही डबलडे यांस आपल्या मानकऱ्यांत कधी घेतले नाही. घेतले ते कार्टराइट यांस, १९३८ मध्ये, आणि बेसांमधील नव्वद फूट अंतर, नऊ डाव व नऊ गडी या तिन्ही गोष्टींचे श्रेय त्यांच्या फलकावर कोरले. क्लबच्या १८४५ च्या नियमांत अंतर पावलांत दिले आहे, कोपऱ्यासमोरच्या कोपऱ्यापर्यंत बेचाळीस पावले, आणि जिंकण्याची अट एकवीस धावांची आहे. नव्वद फूट आणि नऊ डाव १८५७ च्या परिषदेत ठरले, तेव्हा कार्टराइट हवाईत होते. परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. ॲडम्स.

खरे पाहता मूळ इंग्लंडात आहे, इतके तरी चॅडविक यांचे म्हणणे टिकले. लंडनमध्ये १७४४ साली निघालेल्या एका बालपुस्तकात 'बेस-बॉल' हा शब्द चित्रासह आहे, आणि १७४९ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स तो खेळल्याची बातमी तेव्हाच्या वृत्तपत्रात आहे. राउंडर्स हे नाव पुष्कळ नंतरचे. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयातील रॉबर्ट हेंडरसन यांनी १९३९ च्या सुमारास आणि नंतर डेव्हिड ब्लॉक, जॉन थॉर्न इत्यादिकांनी हे सारे कागदोपत्री सिद्ध केले. खेळ कोणा एकाने शोधला नाही; पोरांनी आणला, हौशी प्रौढांनी त्याला नियम दिले.

त्या हौशी प्रौढांचे पुढे काय झाले? १८६९ मध्ये सिनसिनाटीचा संघ उघडपणे पगारी झाला आणि खेळ धंदेवाईकांच्या हाती गेला. निकरबॉकर हौशीच राहिले आणि १८८२ मध्ये क्लब विसर्जित झाला. त्यापूर्वी १८७५ च्या सप्टेंबरात जुन्या गड्यांनी एक सामना खेळला. निमित्त होते जेम्स व्हाइट डेव्हिस यांच्या सभासदत्वाची पंचवीस वर्षे. ॲडम्स त्या वेळी साठीत होते, तेही मैदानात उतरले. हे डेव्हिस सोबत्यांमागून एकटे पडत गेले. १८९३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या धंदेवाईक क्लबाचे चालक एडवर्ड टॅलकॉट यांस पत्र लिहिले: मरणानंतर मला निकरबॉकरच्या गणवेषात, क्लबच्या १८५५ च्या मूळ निशाणात गुंडाळून पुरावे आणि धंदेवाईक खेळाडूंनी माणशी दहा सेंट वर्गणी काढून वर एक दगड बसवावा. दगडावर कोरावयाचा मजकूरही त्यांनी खेळाच्याच भाषेत लिहून दिला होता. अमुक दिवसापर्यंत हा गडी बाद झाला नव्हता, अशा आशयाचा. १८९९ च्या फेब्रुवारीत डेव्हिस वारले. महिन्याभरापूर्वी ॲडम्स गेले होते. ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत त्यांस पुरले. दगड काही बसला नाही.

२०१५ च्या अखेरीस कीर्तिमंदिराच्या समितीपुढे ॲडम्स यांचे नाव आले. सोळांपैकी दहा मते पडली. बारा हवी होती. पुढील एप्रिलात त्यांच्या परिषदेचे १८५७ चे हस्तलिखित कागद लिलावात बत्तीस लाख साठ हजार डॉलरांस गेले. त्याच वर्षी बेसबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी डेव्हिस यांच्या थडग्यावर दगड बसविला.